डाव्या फुप्फुसाचे २७ टक्के

कुठल्या फुप्फुसाला किती रक्त जातं हे मोजणाऱ्या स्कॅनसाठी आमच्याकडे आलेल्या मागणीच्या फॉर्मवर डॉक्टरांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या : ‘डावी फुप्फुसधमनी अरुंद, आधीच्या स्कॅनमध्ये डावीकडे ३७ टक्के. सीटीशी जुळत नाही, पुन्हा करावा.’ ‘जुळत नाही’ खाली दोन रेघा.

मुलगी ८ वर्षांची, वजन २१ किलो, दौंडकडच्या एका वाडीवरची. दीड वर्षाची असताना तिची टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक ठिगळ लावून बुजवलेलं आणि उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी चिंचोळी वाट मोकळी केलेली. त्या वाटेच्या पुढे मुख्य धमनीला दोन फांद्या फुटतात. उजवीला आम्ही बोलताना आरपीए म्हणतो, डावीला एलपीए. या मुलांमध्ये एलपीए तोंडाशीच आवळलेली असणं नवं नाही. गर्भात असताना डक्टस नावाची एक जोडनळी डाव्या फांदीच्या तोंडाजवळ येऊन मिळते. जन्मानंतर ती आकसून बंद होते, आणि तिच्या पेशी शेजारच्या धमनीच्या भिंतीत पसरलेल्या असतील तर ती भिंतही सोबत ओढली जाते.

मुलीला त्रास काहीच नव्हता. शाळेत पळते, धाप लागत नाही, ओठ निळे होत नाहीत. इकोमध्ये एलपीएच्या तोंडाशी रक्ताचा वेग सेकंदाला १.९ मीटर आला होता. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणलं की दाबातला फरक मिळतो, तो साधारण पाऱ्याचे १४ मिलिमीटर. हा आकडा बघून कुणी घाबरणार नाही. उजव्या कप्प्यातला दाबही जवळपास नॉर्मल. सीटीमध्ये मात्र आरपीए ११ मिलिमीटर आणि एलपीए तोंडाशी ४ मिलिमीटर. आणि वर्षापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी केलेला फुप्फुसाचा स्कॅन सांगत होता की डावीकडे ३७ टक्के रक्त जातं.

निरोगी माणसात उजव्या फुप्फुसाला साधारण ५५ टक्के आणि डाव्याला ४५ टक्के रक्त जातं. हृदय डावीकडे जागा खातं, म्हणून डावं फुप्फुस मुळातच लहान. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०११ च्या मार्गदर्शनात, दोन फुप्फुसांमधली वाटणी ३५-६५ किंवा त्याहून वाईट असेल तर फांदी फुगवण्याचा विचार करावा, असं आहे. ३७ हा आकडा त्या रेषेच्या बरोबर अलीकडे पडतो. म्हणून वर्षभर ‘बघू, वाट पाहू’ चाललं होतं. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, हातातल्या आकड्यावरून कुणीही हेच ठरवलं असतं. प्रश्न होता तो आकड्याचाच.

इकोचा आकडा एवढा सौम्य का, हे इथेच सांगते, कारण पालकच काय, कधीकधी निवासी डॉक्टरही यात अडखळतात. अडथळ्यापाशी दाबाचा फरक किती पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं : वाट किती अरुंद आहे आणि तिच्यातून रक्त किती जातंय. मुख्य धमनीच अरुंद असेल तर रक्ताला दुसरी वाट नसते. सगळं रक्त तिथूनच रेटावं लागतं आणि मागे दाब चढतो. दोनपैकी एकच फांदी अरुंद असली तर रक्त मुकाट्याने दुसरीकडे वळतं. अरुंद फांदीतून जातंच थोडं, त्यामुळे फरकही थोडाच दिसतो. उजव्या कप्प्याला काही जाणवत नाही, मुलाला काही जाणवत नाही, आणि एक फुप्फुस कमी रक्तावर वाढत राहतं.

मुलीचे वडील शेतकरी. त्यांना हे सांगत होते तेव्हा त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “म्हंजे मॅडम, एका सरीचं दार बुजलंय. पाणी दुसऱ्या सरीला चाललंय आन् पाटातली पातळी काय बदलत न्हाई. पातळी बघून कसं कळंल? सरीत जाऊनच बघाया लागतंय.” त्यानंतर मी बऱ्याच पालकांना त्यांच्याच शब्दांत समजावलंय.

सरीत जाऊन बघणं म्हणजे हा स्कॅन. मानवी अल्ब्युमिनचे बारीक कण असतात, १० ते ९० मायक्रॉनचे. त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य चिकटवायचं आणि शिरेतून सोडायचं. शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथे घुसळलं जातं आणि फुप्फुसात जातं. केशवाहिनीची रुंदी ७-८ मायक्रॉन, त्यामुळे हे कण तिच्या अलीकडेच अडकतात. ज्या फुप्फुसाला जेवढं रक्त, तेवढेच कण तिथे. पहिल्याच फेरीत वाटणी होते आणि तिथेच थिजते, मग कॅमेऱ्याखाली सावकाश मोजता येते. मोठ्या माणसात, जिथे हे कण अडकतात अशा सूक्ष्म धमन्या २८ कोटींच्या घरात असतात आणि आपण अडवतो त्यातल्या हजारात जेमतेम एक-दोन. काही तासांत कण मोडून विरघळतात.

तंत्र जुनं आहे. साठच्या दशकात अमेरिकेत हेन्री वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अल्ब्युमिनचे कण वापरून फुप्फुसातली गुठळी ओळखायला सुरुवात केली, तेव्हा कणांवर आयोडीन-१३१ असायचं. आपल्याकडे आजही या तपासणीची मागणी मुख्यतः गुठळीसाठीच येते. आवळलेल्या फांद्यांची मुलं त्या मानाने कमी, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी पहिल्यापासून नीट विचार करावा लागतो.

पालकांचा पहिला प्रश्न किरणांचा असतो आणि तो रास्तच आहे. मुलांसाठी किलोमागे १.११ मेगाबेक्वेरेल धरतात. २१ किलोला २३ मेगाबेक्वेरेल, आमच्या रोजच्या भाषेत ०.६३ मिलिक्युरी. या वयात त्यातून शरीराला सुमारे ०.६ मिलिसिव्हर्ट मिळतात. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात, म्हणजे तीन महिन्यांच्या नैसर्गिक किरणांएवढा हा डोस.

त्या दिवशी तिचा नंबर सकाळी पहिला लावला होता. लहान मूल ताटकळू नये हे एक कारण, पण खरं कारण व्हायलमध्ये, म्हणजे कणांच्या कुपीत आहे. किटच्या एका व्हायलमध्ये समजा ४० लाख कण आहेत. मी त्यात २५ मिलिक्युरी टेक्नेशियम ४ मिलिलिटरमध्ये घातलं तर दर मिलिक्युरीमागे १ लाख ६० हजार कण पडतात. ०.६३ मिलिक्युरीत बरोबर १ लाखाच्या आसपास. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, कण मात्र तेवढेच राहतात. तीच व्हायल दुपारी तीनला उघडली तर तेवढ्याच मिलिक्युरीसाठी दुप्पट द्रव घ्यावा लागतो आणि मुलाच्या फुप्फुसात दुप्पट कण जातात. मोठ्या माणसाला फरक पडत नाही, तिथे साडेतीन-चार लाख कण नेहमीच देतो. पण ज्या मुलाच्या फुप्फुसातला दाब चढलेला आहे किंवा ज्याच्या हृदयात उजवीकडून डावीकडे जाणारी वाट उरलेली आहे, त्याच्यासाठी कण मोजूनमापूनच जायला हवेत. फार कमी करूनही चालत नाही. कण अपुरे पडले तर चित्र ठिपक्याठिपक्याचं येतं आणि नसलेले डाग दिसायला लागतात.

ज्यातून टेक्नेशियम काढतात तो जनरेटर आदल्या दिवशी आला होता. त्यातल्या मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम बनत राहतं आणि मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तासांचं, त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला टेक्नेशियम भरपूर मिळतं आणि शनिवारी काटकसर करावी लागते. सलाइन ओढून टेक्नेशियम काढलं, त्यात मॉलिब्डेनम निसटलंय का ते तपासलं. मर्यादा दर मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरीची, आमचं त्याच्या खूप खाली होतं. मग किट. ही व्हायल फ्रिजमध्ये असते आणि तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो, हवा नसते. आतलं स्टॅनस क्लोराइड टेक्नेशियमला कणाला चिकटण्याजोगं करतं, आणि त्या स्टॅनसला हवा लागली की ते निकामी होतं. म्हणून टेक्नेशियम आत सोडताना सिरिंजमधला बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही आणि सुई बाहेर काढण्याआधी जेवढा द्रव घातला तेवढाच वायू परत ओढून घ्यायचा. कामाला नवीन लागलेली शिकाऊ मुलं घाईत असली की इथेच चुकतात. सुईच्या टोकावरचा बुडबुडा दिसतो एवढासा, पण पुढची सगळी चित्रं तो बिघडवू शकतो. व्हायल हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, फेस येईल अशी घुसळायची नाही, आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची.

त्यानंतर पट्टीची चाचणी. एक थेंब कागदी पट्टीच्या बुडाशी ठेवायचा आणि पट्टी सलाइनमध्ये उभी करायची. कण जागेवरच बसतात, मोकळं राहिलेलं टेक्नेशियम पाण्याबरोबर वर चढतं. पट्टी मधोमध कापून दोन्ही तुकडे मोजायचे. ९० टक्क्यांहून कमी चिकटलेलं असेल तर व्हायल वापरायची नाही. त्या दिवशी ९७ आलं. गर्दीच्या दिवशी ही चाचणी पहिल्यांदा वगळली जाते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही सांगायला नको. त्याची किंमत काय पडते ते पुढे येतंच आहे.

०.६३ मिलिक्युरी म्हणजे जेमतेम ०.१ मिलिलिटर द्रव. एवढासा थेंब सुईच्या बुडातच राहून जाईल, म्हणून सलाइन घालून १ मिलिलिटर केला. इंजेक्शनआधी सिरिंज मोजली, नंतरही मोजली. कण प्लास्टिकला चिकटतात, मुलाच्या अंगात प्रत्यक्षात किती गेलं ते वजाबाकी केल्याशिवाय कळत नाही.

मुलीला आधी एक्स-रे करून आणलं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, गेल्या आठवड्यात सर्दी-खोकला होता. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचत नसेल, कफाने तो कोलमडला असेल, तर शरीर तिथला रक्तपुरवठाही आपणहून आवळून घेतं. तो कमीपणा धमनीच्या माथी मारला तर अख्खा अहवाल चुकतो. एक्स-रे दोन्ही बाजूंना स्वच्छ होता. नसता, तर मी तिला आठवड्याने बोलावलं असतं, दौंडहून पुन्हा हेलपाटा पडला असता तरी.

शीर उजव्या हातावर घेतली. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावलेलं होतं, तरी सुई बघून तिने हात मागे ओढलाच. आई लगेच पुढे झाली, “थांबा मॅडम, मी मांडीवर घेते. मागच्या टायमाला पण लई रडली होती. मग मी अशी डाव्या कुशीवर घेऊन दाबून धरली, तवा कुठं टोचलं.”

मी हातातली सिरिंज शिशाच्या पेटीत परत ठेवली आणि त्यांना नीट विचारलं. कुशीवर धरली ती फक्त सुई बसवताना की औषध जातानाही? “औषध जाईपर्यंत. हलूच दिली न्हाई.”

रक्त जड असतं. माणूस कुशीवर असताना कण सोडले तर खालच्या फुप्फुसात जास्त जातात. बसून सोडले तर तळाला जास्त. एकदा कण अडकले की मग रुग्णाला कसंही झोपवा, वाटणी बदलत नाही. म्हणून कण जाताना पाठीवर सरळ झोपलेलं असणं आणि निदान चार-पाच श्वास होईपर्यंत सावकाश सोडणं, हे या तपासणीत कॅमेऱ्यापेक्षाही महत्त्वाचं आहे. मागच्या वेळी कण आत गेले तेव्हा तिची डावी बाजू खाली होती. म्हणजे डावीकडचा आकडा फुगलेला असायला जागा होती.

आधी शीर घेऊन ठेवली, रडणं ओसरू दिलं, आईला उशाशी बसवलं, आणि दहा मिनिटांनी मुलगी शांत, पाठीवर सरळ झोपलेली असताना कण सोडले. ओक्साबोक्शी रडणाऱ्या मुलात सोडू नयेत, रडताना छातीतला दाब सतत वरखाली होत असतो आणि हृदयात छोटी वाट उरली असेल तर रक्त उलट बाजूला जाऊ शकतं. सोडण्याआधी सिरिंज दोनदा उलटी केली, कारण कण तळाशी बसतात. आणि शीर लागली आहे ना, हे बघायला सिरिंजमध्ये रक्त ओढलं नाही. ती सवय इतर सगळ्या इंजेक्शनांत चांगली, इथे घातक. सिरिंजमध्ये रक्त आलं की त्याच्या बारीक गुठळ्या होतात, गुठळीला शेकडो कण चिकटतात आणि फुप्फुसात एकेका जागी कंदिलासारखे तेजस्वी ठिपके दिसतात. त्यासाठी आधी साध्या सलाइननेच शीर तपासायची.

दोन डोक्यांचा कॅमेरा होता, पुढून आणि मागून एकाच वेळी चित्र घेणारा. कॅमेऱ्याने मोजायच्या किरणांच्या ऊर्जेची खिडकी १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, दोन्ही बाजूंना १० टक्के. पाच मिनिटं. आईने तिचा हात धरून ठेवला, ती हलली नाही.

पडद्यावर ठिपके जमायला लागले की पहिल्या वीस-तीस सेकंदांतच अंदाज येतो. उजवं फुप्फुस भरत गेलं, पूर्ण आकाराचं, गच्च. डावं फुप्फुस आकाराने नीट होतं, कुठेही तुकडा उडालेला नाही, वरचा खंड आणि खालचा खंड सारखाच भरलेला, पण सगळं फिकट. गुठळीत फुप्फुसाचे पाचरीसारखे तुकडे गायब होतात. इथे अख्खं फुप्फुस एकसारखं उपाशी दिसत होतं. अडथळा फांद्या फुटण्याच्या आधी, एलपीएच्या तोंडाशीच असला की असंच दिसायला हवं.

मग मान, डोकं आणि पोट यांची वेगळी चित्रं घेतली. मेंदू आणि मूत्रपिंडं दिसली असती तर कण फुप्फुसाला वळसा घालून गेले, म्हणजे हृदयातलं ठिगळ गळतंय, असा अर्थ झाला असता. दिसली नाहीत. गळ्यातली थायरॉइड आणि जठरही दिसलं नाही, म्हणजे मोकळं टेक्नेशियम नव्हतं.

दोन्ही फुप्फुसांभोवती हाताने रेषा काढून मोजणी केली. पुढून उजवीकडे २ लाख १४ हजार, डावीकडे ७० हजार. मागून उजवीकडे २ लाख १८ हजार, डावीकडे ९२ हजार. नुसतं पुढचं चित्र धरलं तर डावा हिस्सा २५ टक्के येतो, नुसतं मागचं धरलं तर ३०. एकाच मुलीचे, एकाच मिनिटातले दोन आकडे. पुढून बघताना हृदय डाव्या फुप्फुसाच्या आड येतं आणि किरणं शोषतं, म्हणून तिकडून डावं कमी भरतं. यासाठी पुढच्या आणि मागच्या मोजणीचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घेतात. उजवीकडे २ लाख १६ हजार, डावीकडे ८० हजार. डावं फुप्फुस २७ टक्के.

आईजवळच्या पिशवीत जुनी फिल्म होती. ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि थोडा वेळ नुसतीच बघत राहिले. मागून घेतलेलं एकच चित्र, त्यावर दोन फुप्फुसांभोवती आखलेल्या रेषा. उजव्या फुप्फुसाचा तळ नेहमीसारखा आत वळलेला, श्वासपटलाचा घुमट जसा असतो तसा. डाव्याचा तळ मात्र बाहेर फुगलेला, खाली पोटाकडे झुकलेला. फुप्फुसाचा तळ असा कधी नसतो. तो जठराचा आकार होता. वर फिल्मच्या अगदी कडेला, मानेत, फुलपाखरासारखी फिकट थायरॉइडही होती.

म्हणजे त्या दिवशीच्या व्हायलमध्ये मोकळं टेक्नेशियम बरंच होतं. ते रक्तातून जठराच्या अस्तरात आणि थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. जठर बरोबर डाव्या फुप्फुसाच्या तळाला टेकलेलं, आणि रेषा काढणाऱ्याने त्या उजेडाला फुप्फुस समजून आत घेतलं. डावीकडच्या खात्यात जठराची भर पडली. शिवाय एकाच बाजूचं चित्र धरलं, तेही मागचं, जे डाव्याला झुकतं माप देतं. आणि इंजेक्शनच्या वेळी मूल डाव्या कुशीवर. तिन्ही चुका लहान, पण तिन्ही एकाच दिशेच्या. एखादी उलट दिशेची असती तर आकडा चुकून बरोबर आला असता.

मी आमच्या डॉक्टरांना बोलावून दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. अहवालात २७ आणि ७३ लिहिलं, पद्धत लिहिली, इंजेक्शनची स्थिती लिहिली आणि जुन्या फिल्मशी तुलना करणं योग्य नाही हेही कारणांसकट लिहिलं. हे शेवटचं वाक्य अहवालात असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की वर्षभरात ३७ चे २७ झाले, आजार झपाट्याने वाढतोय. इथे वाढलं काहीच नव्हतं. बहुधा वर्षापूर्वीही आकडा २७ च्या आसपासच असणार.

हृदयतज्ज्ञांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, शीर कुठली घेतली होती? प्रश्न महत्त्वाचा आहे. या मुलीत हाताची काय, पायाची काय, कुठलीही शीर चालली असती, कारण वरचं आणि खालचं रक्त हृदयात एकत्र घुसळूनच पुढे जातं. ग्लेन शस्त्रक्रिया झालेल्या मुलात तसं नसतं. तिथे डोक्याकडून आणि हातांकडून येणारी महाशीर थेट फुप्फुसधमनीला जोडलेली असते. हातातून कण सोडले तर फक्त वरच्या रक्ताची वाटणी कळते. पायातून सोडले तर ते हृदयात जाऊन महाधमनीवाटे मेंदूत आणि मूत्रपिंडांत पोचतात, म्हणजे देऊच नयेत. फोंटान शस्त्रक्रियेत खालची महाशीरही फुप्फुसधमनीला जोडतात. ती झालेल्या मुलात वरचं रक्त एका फुप्फुसाला जास्त आणि खालचं दुसऱ्याला जास्त जाऊ शकतं, म्हणून डोस विभागून हातातून आणि पायातून वेगळा मोजावा लागतो. आणि ज्यांच्या फुप्फुसाला महाधमनीपासून फुटलेल्या जादा वाहिन्यांतून रक्त मिळतं, तिथे तो भाग स्कॅनमध्ये काळा दिसतो, पण तो उपाशी नसतो. कण शिरेतून आलेले असतात, त्या वाटेने येतच नाहीत. म्हणून मागणीच्या फॉर्मवर नुसतं ‘हृदयाचं ऑपरेशन झालेलं’ असं लिहून आलं की मी फोन करतेच. कुठलं ऑपरेशन, कधी, कुठे काय जोडलं, हे कळल्याशिवाय किट उघडण्यात अर्थ नसतो.

पंधरवड्याने कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालतात त्या खोलीत, एलपीएत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. अरुंद जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब तिथे थेट नळीनेच मोजतात. फरक १२ मिलिमीटर निघाला. इको खोटं बोललं नव्हतं, दाबाचा फरक खरोखरच तेवढा होता. ४ मिलिमीटरची जागा १० पर्यंत उघडली. स्टेंट असा निवडला होता की मुलगी वाढेल तसा तोच पुढे फुग्याने आणखी रुंद करता येईल. ८ व्या वर्षी बसणाऱ्या मापाचा, पुढे न वाढणारा स्टेंट घातला तर पंधराव्या वर्षी तोच नवा अडथळा होतो. रात्रभर तिला ऑक्सिजनच्या आकड्यावर नजर ठेवून ठेवलं होतं, कारण बरीच वर्षं कमी रक्तावर राहिलेल्या फुप्फुसात एकदम रक्त वाढलं की कधीकधी त्यात पाणी भरतं. तसं झालं नाही.

तीन महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला. सगळं मुद्दाम पहिल्यासारखंच : सकाळची व्हायल, पट्टीवर ९६ टक्के, २३ मेगाबेक्वेरेल, पाठीवर सरळ झोपून, दहा मिनिटं शांत राहिल्यावर, पाच मिनिटांचं चित्र. पुढून उजवीकडे १ लाख ७२ हजार आणि डावीकडे १ लाख ४ हजार, मागून १ लाख ७० हजार आणि १ लाख २६ हजार. डावं फुप्फुस ४० टक्के.

वडिलांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, “मग ४५ का न्हाई? दार तर उघडलं.” उत्तर चित्रातच होतं. डाव्या फुप्फुसाचा खालचा खंड आता उजव्याइतकाच गच्च भरलेला, वरचा खंड मात्र अजून फिकट. पहिल्या स्कॅनमध्ये दोन्ही सारखेच फिकट होते. आता खालचा सुधारला आणि वरचा मागे राहिला. अँजिओग्राफीची चित्रं पुन्हा काढली तेव्हा दिसलं, स्टेंटचं पलीकडचं टोक वरच्या खंडाच्या फांदीच्या तोंडावर जाळीसारखं आलंय. रक्त जाळीतून जातंय, पण मोकळं नाही. नुसती टक्केवारी बघितली असती तर ४० बघून सगळे खूश झाले असते आणि हे सुटलं असतं. म्हणून डावं-उजवं मोजून झाल्यावर प्रत्येक फुप्फुसाचे वर-मध्य-खाली असे तीन भाग वेगळे मोजावेत, आणि चित्र डोळ्यांनीही बघावंच.

सध्या जाळी तशीच ठेवायची ठरली आहे, तिच्यातून फुगा घालायचा की नाही ते पुढच्या वर्षीच्या स्कॅननंतर. तिच्या फाइलच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवून ठेवलाय : सकाळी पहिला नंबर, पाठीवर, उजवा हात, कण १ लाख, दोन्ही बाजूंची चित्रं, डाव्या वरच्या खंडाची वेगळी मोजणी. खाली आईच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ घातली आहे : सुई टोचल्यावर दहा मिनिटं थांबा, मग शांत होते.